आदी दळा, मग बोला

"आदी दळा, मग बोला."

भांडत भांडत कुणी बाईंच्या दारात आलं की बाई एवढंच म्हणायच्या, आणि ओसरीवरच्या जात्याकडं हनुवटीनं दाखवायच्या. बोटानं नाही, हनुवटीनं. ती हनुवटी मला लई दिवस जमत नव्हती. मी कुणाचीही नक्कल करतो, हेडमास्तरांच्या खोकल्यापासून चढावर दमलेल्या एस.टी.पर्यंत. पण बाईंची हनुवटी करायला गेलो की लोक काळजीनं विचारायचे, दाढ दुखतीय का?

परंड्याजवळच्या आमच्या गावात सातवीपर्यंत सरकारी शाळा होती. बाई तिथं तिसरीला शिकवायच्या. मास्तर पुष्कळ आणि बाई एकच, म्हणून त्यांना नावानं कुणी कधी हाकच मारली नाही. मी त्याच शाळेत पहिलीच्या पोरांवर नवा नवा लागलो होतो आणि माझं घर लांब मळ्यात, म्हणून बाईंच्याच घरात पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. माझं दार ओसरीवर उघडायचं. त्यामुळं सांगतोय ते ऐकीव नाही, दारात उभं राहून बघितलेलं आहे. कधी कधी तर जात्यावर बसून.

जात्यावर दोघं बसायचे, समोरासमोर. खुंटा एक, हात दोघांचे. जोंधळ्याची मूठ ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. मूठ जात्यात पडली, दळून झाली, की त्याचं बोलणं बंद. मग दुसऱ्यानं मूठ घ्यायची. पण आपलं गाऱ्हाणं सुरू करायच्या आधी समोरचा काय म्हणला ते त्यानं सांगायचं, आणि समोरच्यानं "व्हय, असंच म्हणलो" म्हणल्याबिगर पुढं जायचं नाही. बाई शेजारी भाजी निवडत बसायच्या. निवाडा कधी द्यायच्या नाहीत. "निवाड्याला उस्मानाबादला कोर्ट हाय," म्हणायच्या. "माझ्याकडं फकस्त जातं हाय."

तुम्ही कधी दोघांनी मिळून दळलंय का? पुरुष असाल तर नसंल. एकदा बसून बघा. एकानं अंग सोडलं की जातं अडतं. दोघांनी रागानं ओढलं की पीठ जाड पडतं. आणि समोरच्याकडं पाठ करून दळताच येत नाही.

गावात तेलावरची चक्की आलेली होती. तरी बाईंच्या घरी पीठ भांडणाचंच असायचं. गाव शांत असलं की मात्र बाईंना डोक्यावर डबा घेऊन चक्कीवर जावं लागायचं. चक्कीवाला विचारायचा, "काय बाई, सगळं गोडीत चाललंय व्हय गावात?" आणि बाई खऱ्याखुऱ्या वैतागानं म्हणायच्या, "काय सांगायचं, आठ दिस झाले, कुणी फिरकलं न्हाय."

बाईंचे यजमान, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, तहसिलीत कारकून होते. बोलायला कमी, खायला चोखंदळ. संध्याकाळी भाकरीचा पहिला तुकडा तोंडात गेला की त्यांना दिवसभराची बातमी कळायची.

"आज कोण आलतं?"

"वरल्या आळीच्या जावा."

अण्णा सावकाश चावायचे. "मिटलं न्हाय दिसतंय. कचकच लागतीय."

शाळेत मी जाऊन महिना झाला नसंल, तोवर माझीच पाळी आली. आमचे ड्रिल मास्तर हुतूतूच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा आखायचे आणि माझी पहिलीची पोरं पाणी प्यायला जाताना त्या पायानं पुसायची. एक दिवस ड्रिल मास्तर माझ्या वर्गात आले आणि माझ्या कानाशी शिट्टी वाजवली. मी म्हणालो, पोरं हायती, उडत जातील का? त्यावरनं वाढलं. बाईंनी दोघांना जात्यावर बसवलं.

ड्रिल मास्तर जुने पैलवान. त्यांनी खुंटा ओढला की मी जागेवरनं उठायचो आणि परत बसायचो. त्यांची मूठ झाली, माझी आली. त्यांचं म्हणणं सांगायचं, म्हणजे माझ्या हातचा मळ. मी गाल फुगवले, छाती काढली, आवाज लावला. ड्रिल मास्तरांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

बाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "नक्कल नको. त्याचं म्हणणं सांग."

"तेच सांगतोय की, बाई."

"न्हाय. तू त्याचा आवाज सांगतोयस. त्याला काय झालंय ते सांग."

आणि मी अडकलो. आवाज होता, चाल होती, शिट्टी होती. त्यांना काय झालंय ते माझ्याजवळ नव्हतं. शेवटी त्यांनाच विचारावं लागलं. तेव्हा कळलं की तालुक्याचे सामने जवळ आलेत, फक्की ते घरनं आणतात, आणि पहाटे उठून, वाकून, दुखऱ्या कमरेनं रेघा मारतात. दुसऱ्या दिवसापासून माझी पोरं एकामागं एक, रेघेच्या कडंकडंनं, तारेवर चालल्यासारखी पाण्याला जायला लागली. त्यांना तो खेळच झाला.

ही रीत बाईंनी कुठनं काढली असं मी एकदा विचारलं. बाई तुळजापूरच्या. मोठं खटलं, देवीच्या पूजेच्या पाळ्या वाटून घेतलेल्या, आणि कुणाची पाळी कधी यावरनं चुलत्या-चुलत्यांत अबोला. "पुरुष वर्ष वर्ष बोलायचे न्हाईत," बाई म्हणाल्या. "पण पहाटं दळायला दोघी लागायच्याच. बोलत नसलेल्या भावांच्या बायका एका खुंट्याला हात घालून बसायच्या. पुरुषांना जे कळायचं न्हाय ते पीठ भरायच्या आत त्यांना कळलेलं असायचं."

"मग त्या सांगायच्या का पुरुषांना?"

"त्यांना कोण विचारतंय?" बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

जातं दर वेळी जिंकायचं असं नाही. बांधावरनं भांडणारे दोघे भाऊ आले होते. सगळी पाटी दळून काढली, पीठ बी मऊ पडलं, आणि धोतर झटकून दोघं सरळ कोर्टात गेले. मी म्हणालो, बाई, हे कसं काय? बाई पीठ भरत होत्या. म्हणाल्या, "दळून बघितलं. आता काय करायचं? भाकरी करायची."

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं ते सांगतो.

आमचा भाग मुंबई राज्याला जोडला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. निजाम जाऊन बराच काळ झाला होता, पण आमच्या शाळेतनं तो जरा सावकाश जात होता. पुस्तकं मराठी आली, फळ्यावर सुविचार मराठी आला, पण वरच्या वर्गांवरच्या खलील मास्तरांच्या तोंडातलं गणित उर्दूच राहिलं. ते स्वतः तसंच शिकलेले. बेरीज म्हणजे जमा, गुणाकार म्हणजे जरब, त्रिकोण म्हणजे मुसल्लस. पाटलाचं पोरगं असो नाहीतर जोश्याचं, आमच्या गावात आठ जरब सात म्हणजे छप्पन्न. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. घरी मराठी बोलायचं, देवळात संस्कृत ऐकायचं आणि हिशेब उर्दूत करायचा, यात काही वेगळं आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

खलील मास्तर उंच, वाकलेले, अचकनीच्या खिशात खडूचे तुकडे. पोलीस ॲक्शनच्या साली, निजाम गेला तेव्हा, त्यांचे थोरले भाऊ हैदराबादला निघून गेले. यांनाही चल म्हणत होते. मास्तर म्हणाले, माझी पोरं इथं हायती. त्यांना स्वतःचं पोर नव्हतं. ते शाळेतल्या पोरांबद्दल बोलत होते.

त्या वर्षी बार्शीकडनं वैद्य सर आले. वय माझ्यापेक्षा थोडं जास्त, कपडे परीटघडीचे, बोलणं कपड्यांसारखंच. मास्तरांच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "खलील मास्तरांविषयी मला आदर आहे. परंतु सातवीचा पेपर मराठीतून येणार आहे. ही मुलं प्रश्नच वाचू शकणार नाहीत. त्यांना काही म्हणजे काही येत नाही."

 खलील मास्तरांनी खिशातला खडू तेवढा दाबला असावा, कारण बैठकीनंतर अचकनीवर पांढरी भुकटी दिसली.

हेडमास्तर खोकले आणि त्यांनी ठरवलं की दिवाळीनंतर तपासणीला साहेब येतील तेव्हा ते सातवीच्या वर्गावर बसतील. खलील मास्तरांना मराठीतनं शिकवता आलं तर सातवी त्यांच्याकडं राहील. नाही आलं तर त्यांना कुठल्या तरी वस्तीवरच्या शाळेत पहिली-दुसरीवर पाठवतील. मास्तरांच्या नोकरीची शेवटची थोडी वर्षं राहिलेली. तोवर सातवीच्या गणिताचा एक तास वैद्य सरांनी घ्यायचा.

पोरांना हे कळलं आणि त्यांनी वैद्य सरांना धारेवर धरलं. सरांनी विचारलं, त्रिकोणाला बाजू किती? सगळा वर्ग गप. मागनं एक आवाज, "मुसल्लस म्हणा सर, मग सांगतो." बाहेर 'बार्शीचं पार्सल' अशी हाक पडायची. एका सकाळी सातवीचा सगळा वर्ग उठून खलील मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसला. मास्तर ओरडले, छडी उगारली, दार लावून आत बसले, पण पोरं हलेनात. तिकडं वैद्य सर ट्रंक भरायला लागले. एकाची सातवी जायला बसलेली, दुसऱ्याचा पाय गावातनं निघालेला, आणि मधी पोरांचं वर्ष. हेडमास्तर खोकत खोकत बाईंकडं आले.

रविवारी सकाळी दोघं आले. एक या बाजूनं, दुसरे त्या बाजूनं. वैद्य सरांनी जातं बघितलं आणि बाईंकडं बघितलं.

"बाई, हे काम बायकांचं असतं."

"तुमी भाकरी खाता का?"

"खातो."

"मग बसा."

बसले. बाह्या घडी घालून वर केल्या, तीही सरळ. समोर खलील मास्तर, गुडघे कानाला लागलेले. दोघांना दळता येत नव्हतं. जातं दोनदा पुढं जायचं, एकदा मागं यायचं. आतनं अण्णांनी डोकावून बघितलं आणि त्या दिवशी भात टाकायला सांगितला.

पहिली मूठ खलील मास्तरांची. ती हातातच राहिली. जातं मोकळंच फिरत घरघरत होतं. बाईंनी मान वर केली नाही.

शेवटी मास्तर म्हणाले, "सातवीची पोरं चौथीपासनं माझ्या हाताखाली हायती. सर आले, दोन महिने झाले, आन् भरल्या बैठकीत म्हणले, ह्यांना कायच येत न्हाय." आणि मूठ सोडली.

वैद्य सरांची पाळी. त्यांनी आधी मास्तरांचं म्हणणं सांगायचं. "मास्तर म्हणतात की मी मुलांना नावं ठेवली."

"न्हाय. असं न्हाय म्हणलो."

"मास्तर म्हणतात की मी हे बैठकीत बोलायला नको होतं."

"तसं बी न्हाय."

सर घामाघूम. दळण्यानं नाही, यानं. मला ते कळत होतं, मी त्या जागी बसलेलो होतो.  मग सर पीठ बघत म्हणाले, "तुम्हाला वाटलं, मुलांना काही येत नाही असं मी म्हणालो, म्हणजे तुम्हालाच काही येत नाही असं म्हणालो. सगळ्यांसमोर."

खलील मास्तर म्हणाले, "व्हय. असंच."

मग सरांची स्वतःची मूठ. मला वाटलं आता हित, परंतु, कर्तव्य असं सगळं येणार. तर ते म्हणाले, "मी आल्यापासून या गावात मला एकानंही जेवलात का म्हणून विचारलेलं नाही." आणि स्वतःच दचकले. मग घाईघाईनं पुढं म्हणाले, "मुलांना गणित येतं, मास्तर. मी वह्या बघितल्यात. उत्तरं बरोबर असतात. पण पेपरात 'गुणाकार करा' असं येईल आणि ही मुलं नुसती बघत बसतील. येत असून नापास होतील. मला रात्री तेच दिसतं."

मूठ संपली. खलील मास्तरांनी सांगायचं होतं. त्यांनी खाली बघतच सुरुवात केली, "सरांना कुणी जेवायला विचारलं न्हाय. आन् सरांना भ्या वाटतंय, की पोरांना येत असून बी ती नापास होत्याल." ते थांबले. जातंही थांबलं. "बाई, मला बी तेच भ्या वाटतंय. पहिल्यापासनं. मला मराठी येती, माझा जन्म हितलाच. शाळंतली मराठी येत न्हाय. ह्या वयात कुणाला विचारू?"

 मला विनोद सुचला होता, पण तो मी गिळला. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

बाईंनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं. "हात का थांबले? पाटीत दाणा हाय आजून."

दोघांनी परत खुंटा धरला. वैद्य सरांनी मूठ घेतली, घातली, आणि जरा वेळानं हळूच म्हणाले, "जरब म्हणजे गुणाकार."

"गुणाकार," खलील मास्तर म्हणाले.

"तकसीम?"

"ते मला ठावं हाय. भागाकार."

त्या दुपारी वैद्य सर खलील मास्तरांकडं जेवायला गेले. शाकाहारी माणूस घरी येणार म्हणून मास्तरांच्या घरी एवढी धांदल उडाली की शेवटी बाईंच्याच घरची भाजी तिकडं गेली.

मग रोज सकाळी शाळेच्या आधी दोघं दळायला यायचे. एका मुठीला एक शब्द. गल्लीत बोलणं सुरू झालं. तुळजापूरच्या पुजाऱ्याची लेक, आणि तिच्या जात्याला खलील मास्तरांचा हात. एक म्हातारी मुद्दाम ओट्यावर येऊन विचारती झाली, "बाई, ते पीठ तुमी खाता तरी कसं?"

"तव्यावर भाजून," बाई म्हणाल्या.

 अण्णांनी त्या दिवशी ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल अशा बेतानं भाकरी खाल्ली. त्यांना बोलता यायचं नाही, पण चावता चांगलं यायचं.

पोरं वर्गात परत आली होती, पण वैद्य सरांच्या तासाला त्यांचा न बोलायचा संप चालूच होता. तो खलील मास्तरांनी मोडला, आणि बाईंना न विचारता मोडला. वैद्य सरांच्या तासाला ते वर्गात आले, मागच्या बाकावर पोरांच्या मधी दाटीनं बसले आणि पाटी काढली. पोरं वळून वळून बघायला लागली. सरांनी घसा साफ करून विचारलं, "त्रिकोणाला बाजू किती?" वर्ग गप. मागं खलील मास्तरांनी हात वर केला. हुशार पोरगं करतं तसा, ताठ. सरांना काय करावं कळेना. "सांगा, मास्तर." मास्तर उभे राहिले. "तीन बाजू, सर." आणि खाली बसता बसता शेजारच्या पोराला म्हणाले, "म्हाताऱ्याला येतंय, तुला येत न्हाय व्हय रं?" वर्ग हसला आणि तिथंच संप संपला.

साहेब यायच्या आधी रंगीत तालमी झाल्या. साहेब कोण? मी. डोक्याला अण्णांची टोपी, हातात छत्री, ओसरीवर खुर्ची. मी असा साहेब उभा केला की खलील मास्तरांना घाम फुटायचा. मी म्हणायचो, "मास्तर, मला त्रिकोणाचं क्षेत्रफळ समजावून सांगा, मी अडाणी आहे." मास्तर सांगायचे. अडले की वैद्य सर लगेच तोंड उघडायचे, आणि बाई त्यांना डोळ्यानं गप्प करायच्या. अडले की मास्तरांचा उजवा हात आपोआप खुंटा धरल्यासारखा गोल फिरायला लागायचा, आणि फिरता फिरता शब्द यायचा. पाठ करताना हात फिरलेला, त्यामुळं शब्द हाताला बांधल्यासारखा झाला होता. मी हसायचो. मास्तर म्हणायचे, "हसू नगं. तिथं हात कुठं लपवू?"

खरे साहेब आले ते माझ्यापेक्षा बुटके आणि बरेच शांत निघाले. त्यांना माझा साहेब बघायला मिळायला पाहिजे होता, त्यांना शिकायला मिळालं असतं. ते सातवीत मागं बसले. माझा वर्ग शेजारीच, मधी कुडाची भिंत. पोरांना पाटीवर अ गिरवायला लावून मी फटीला डोळा लावला. वैद्य सर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. दारापाशी आले की पाऊल हळू पडायचं.

खलील मास्तर फळ्यापाशी उभे. त्रिकोण काढला. बाजू म्हणाले, कोन म्हणाले, बेरीज म्हणाले. शब्द बरोबर. मग त्यांनी एका कोनावर खडू ठेवला आणि थांबले. शब्द येईना.  व्हरांड्यातली फेरी थांबली. मास्तरांचा उजवा हात खडूसकट वर आला आणि हवेत गोल फिरायला लागला. एक चक्कर, अजून एक. साहेब पुढं वाकले.

"काटकोन," मास्तर म्हणाले. व्हरांड्यातली फेरी परत सुरू झाली.

साहेब म्हणाले, "मास्तर, हा हात कशाला फिरवलात?"

खलील मास्तरांनी हाताकडं बघितलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पुढच्या धड्यात वर्तुळ हाय, साहेब. पोरांची तयारी करून घेतोय."

साहेब हसले का नाही ते मला फटीतनं दिसलं नाही. पण जाताना हेडमास्तरांना ते म्हणाले, सातवी यांच्याकडंच राहू द्या, आणि हे वैद्य सोबत असतील तर फारच बरं. हेडमास्तर आनंदानं एवढे खोकले की साहेबांनी त्यांना पाणी प्यायला लावलं.

बाईंना हे सांगायला मी पळत तिसरीच्या वर्गात गेलो. बाईंनी ऐकून घेतलं. "बरं झालं," म्हणाल्या. "पण साहेबाचं काय एवढं? पोरांचा पेपर व्हायचाय आजून." आणि परत फळ्याकडं वळल्या.

पेपर झाले. निकाल लागायच्या आत बाईंची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, माकणीच्या अलीकडच्या एका खेड्यात. अण्णांचीही तिकडंच सोय झाली. जातं त्यांनी नेलं नाही. एस.टी.वर चढवायला कोण तयार होईना, आणि बाई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, जड हाय. त्या गेल्यावर ओसरी एवढी मोठी दिसायला लागली की मी खोलीचं दार लावून घेऊन बसायचो. चक्कीवाल्याचा धंदा तेवढा वाढला.

निकाल आला तो पेपरवाल्याच्या सायकलवरनं. सातवीची सगळी पोरं पास, एक सोडून. तो एक भूगोलात गेला. त्यात गणिताचा काही संबंध नव्हता, तरी खलील मास्तर त्याच्या घरी जाऊन बराच वेळ बसून आले. आल्यावर वैद्य सरांना म्हणाले, "बाईंना कसं कळवायचं?"

सर म्हणाले, "पत्र टाकू."

मास्तर म्हणाले, "हे पत्रात सांगायचं न्हाय."

म्हणून आम्ही तिघं निघालो. बार्शीत सरांच्या आईनं जेवायला घातलं. खलील मास्तरांना ताट वाढताना ती जरा थांबली, मग दोनदा आग्रह केला. तिथंच पेढे घेतले. मग उस्मानाबाद, मग गाड्या बदलत, शेवटी उतरून चालत. पेरणीच्या आधीचे दिवस, रानं काळीभोर नांगरून पडलेली. वाटेत मास्तरांनी काय काय सांगायचं ते चारदा घोकलं. कोणाला किती गुण, कोणता प्रश्न अवघड आला होता, 'गुणाकार करा' हा प्रश्न दोन नंबरलाच होता. वैद्य सर म्हणाले, मास्तर, सगळं तुम्हीच सांगा, मी पेढा देतो.

गावात पोचलो तर बाईंच्या घराला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, शाळेमागं असतील, आमच्यातली दोन माणसं लई दिवस झाली तोंड बघत न्हाईत एकमेकाचं. शाळेची नवी खोली वरल्या आळीला बांधायची का खालल्या, त्यावरनं. दोन्ही आळ्यांची पोरं शाळेत येईनाशी झालीत.

शाळेमागं गेलो. लिंबाच्या लांब सावलीत दोन दांडगे गडी अंबाडीच्या वाखाचा दोर वळत होते. एक या टोकाला पीळ भरत होता, दुसरा त्या टोकाला ताण धरून वाख सोडत होता. एकानं ढिलं सोडलं की सगळा दोर मधी गुंतायचा आणि दोघांना थांबावं लागायचं. मधोमध, दोराच्या शेजारी, बाई आमच्याकडं पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. ताटात काहीतरी निवडत होत्या.

वैद्य सरांना राहवेना. "बाई" म्हणून हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तर खलील मास्तरांनी त्यांचा दंड धरला.

"थांबा, सर. पीळ बसू द्या."

"अहो, पण एवढ्या लांबनं निकाल घेऊन आलोय आपण."

"पास झालेली पोरं कुठं पळून चाललीत?" मास्तर म्हणाले. "ह्यांची आजून बसायचीत परीक्षेला."

मग आम्ही शाळेच्या कट्ट्यावर बसलो, तिघं ओळीनं. तिकडं एक गडी काहीतरी सांगत होता, दुसरा मान खाली घालून ताण धरून होता. शब्द आमच्यापर्यंत येत नव्हते. पेढ्यांचा पुडा खलील मास्तरांच्या मांडीवर होता आणि उन्हानं त्याच्या कागदाला तुपाचा डाग पडायला लागला होता. मास्तरांनी तो उचलून सावलीच्या बाजूला, सरांच्या आणि माझ्या मधी ठेवला, आणि आम्ही बसून राहिलो.